वॉर्नर ब्रदर्सचे दहा सर्वोत्तम चित्रपट: यादी आणि क्रम कसा लावावा?

शनिवारचा_खेळ, दादर

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या चित्रपट गटातर्फे नोव्हेंबरपासून दर शनिवारी एक, असे वॉर्नर ब्रदर्सचे दहा चित्रपट दाखवायचं चाललं आहे. हॉल संध्याकाळी सातला उघडतो आणि पावणेदहाला कुलूप लागतं. प्रास्ताविक आणि चहा धरला तर चित्रपट सव्वादोन तासांत बसावा, फार तर अडीच. पडदा १० फूट रुंद, १६:९ आकाराचा. प्रोजेक्टर, एक ब्लू-रे प्लेअर आणि दोन स्पीकर एवढा सरंजाम.

डिस्कच्या वेष्टनावरची वॉर्नरची ढाल (त्यांचं बोधचिन्ह) बघून केलेली कच्ची यादी: सिटिझन केन, गॉन विथ द विंड, द विझर्ड ऑफ ऑझ, सिंगिंग इन द रेन, २००१: अ स्पेस ओडिसी, कासाब्लांका, द सर्चर्स, द शायनिंग, गुडफेलाज, द डार्क नाइट.

यात काय खटकतं? आणि सर्वोत्तम ठरवायचं ते कशावरून?

---

रीळ_गिरगाव

पहिली पाच नावं आत्ताच खोडा. त्यातला एकही चित्रपट वॉर्नरने काढलेला नाही. सिटिझन केन (१९४१) आरकेओ या दुसऱ्या स्टुडिओचा. गॉन विथ द विंड निर्माता सेल्झनिकच्या कंपनीचा, वितरण एमजीएम (मेट्रो-गोल्डविन-मेयर) या स्टुडिओचं. उरलेले तिन्ही एमजीएमचे. धोबी तलावचं मेट्रो १९३८ साली ज्या कंपनीने बांधलं तीच ही, सिंहवाली. वॉर्नरची ती थेट प्रतिस्पर्धी.

मग वेष्टनावर ढाल कशी आली? वॉर्नरने १९५६ साली आपले १९५० पूर्वीचे चित्रपट असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्स या कंपनीला विकून टाकले. जुन्या चित्रपटांना टीव्हीशिवाय कुठे गिऱ्हाईक नाही, असा तेव्हाचा हिशेब. १९५८ साली तो साठा युनायटेड आर्टिस्ट्सकडे गेला, १९८१ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सच एमजीएमने घेतली आणि १९८६ साली टीव्ही-उद्योजक टेड टर्नरने एमजीएम विकत घेतली. स्टुडिओ त्याला लगेच विकावा लागला, पण चित्रपटांचा साठा त्याने सोडला नाही. त्यात एमजीएमचे चित्रपट होतेच, वॉर्नरचे जुनेही होते, आणि आरकेओचेही त्याच्याकडे आले. १९९६ साली टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली आणि सगळी वरात वॉर्नरच्या दारात आली. म्हणजे कासाब्लांका चाळीस वर्षं वॉर्नरच्या मालकीचा नव्हता, आणि ज्या ऑझशी वॉर्नरचा काडीचा संबंध नव्हता तो आज त्यांच्या नावाने विकला जातो. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि पीक काढलेलं दुसऱ्याने, तसला प्रकार. यादी करायची तर पीक कुणी काढलं ते बघा.

ओळखायची सोपी रीत: वेष्टन बाजूला ठेवा आणि चित्रपट सुरू करून मुख्य शीर्षकाच्या अलीकडे काय दिसतं ते पाहा. सिंह दिसला की एमजीएम, पृथ्वीच्या गोलावरचा मनोरा दिसला की आरकेओ.

१९६७ नंतर हा नियम जरा ढिला होतो. तोवर स्टुडिओ स्वतःच्या नोकरीतले लेखक, नट आणि कॅमेरामन घेऊन बरबँकला स्वतःच्या फ्लोअरवर चित्रपट काढायचा, ही पद्धत मोडली होती. पुढे तो बहुतेक वेळा पैसे घालतो आणि वितरण करतो. पण तयार झालेला चित्रपट नुसता विकत घेऊन लावला, तर तो मी धरत नाही. मीन स्ट्रीट्स आणि बॅडलँड्स हे दोन्ही १९७३ चे, दोन्ही असेच बाहेर तयार झाले आणि मग वॉर्नरने घेतले. चित्रपट अव्वल आहेत, पण वॉर्नरचं त्यातलं श्रेय म्हणजे आयत्या बिळावर नागोबा.

---

मध्यंतर

रीळ यांच्याशी सहमत. आता क्रमाचं बघू.

निव्वळ 'थोर चित्रपट' म्हणून क्रम लावला तर कुठल्याही स्टुडिओची यादी सारखीच दिसेल. वॉर्नरचा म्हणून एक स्वभाव होता, त्याला मार्क द्या. तिसाच्या दशकात एमजीएम झुंबरं आणि साटिनचे झगे दाखवत होती, तेव्हा वॉर्नरच्या चित्रपटांत टॅक्सीवाले, वार्ताहर, कोरसमधल्या मुली, कैदी आणि गल्लीतले गुंड होते. बजेट आखडतं, सेट पुन्हा पुन्हा वापरलेले, संवाद सुसाट, लांबी बरेचदा दीड तासाच्या आतबाहेर. हात आखडता होता म्हणूनच हा वेग आला, असं माझं मत.

त्या हिशेबाने पहिला कासाब्लांका (१९४२), यावर वाद नको. दुसरा मात्र आय ॲम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग (१९३२). दिग्दर्शक मर्विन लरॉय, मुख्य भूमिकेत पॉल म्युनी. ज्या खऱ्या आत्मकथनावरून तो घेतला त्याच्या नावात 'जॉर्जिया' होतं, चित्रपटाच्या नावातून ते गाळलं. तरी तुरुंगाची ती पद्धत कुठली हे कुणापासून लपलं नाही. शेवटचे दोन शब्द अंधारातून येतात आणि चित्रपट तिथेच तुटतो. दिलासा नाही, उपदेशही नाही. जुलै १९३४ पासून हॉलिवूडची सेन्सॉर संहिता कडक लागू झाली, त्यानंतर असा शेवट अनेक वर्षं कुणाला करता आला नसता.

तिसरा गुडफेलाज (१९९०). द पब्लिक एनिमी (१९३१), व्हाइट हीट (१९४९), बॉनी अँड क्लाइड (१९६७) आणि हा, अशी गुंडपटांची सलग रांग एकाच स्टुडिओकडे आहे. दुसऱ्या कुणाकडे एवढी लांब नाही. लांबी १४५ मिनिटं, म्हणजे त्या शनिवारी चहा आधी उरका. प्रौढांसाठीचा आहे हेही फलकावर लिहा.

चौथा द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे (१९४८). जॉन ह्यूस्टनला दिग्दर्शनाचं आणि त्याच्या वडिलांना, वॉल्टर ह्यूस्टनना, सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर याच चित्रपटासाठी मिळालं. पाचवा बॉनी अँड क्लाइड. सहाव्यापासून पुढे माझा हट्ट नाही.

द डार्क नाइट मात्र काढा. वाईट आहे म्हणून नव्हे. त्यातली काही दृश्यं आयमॅक्स कॅमेऱ्यावर घेतली आहेत. तिथे चौकट उंच होते आणि शहर एकदम पायाखाली येतं. १० फुटी पडद्यावर त्यातलं काय उरणार? चर्चगेटच्या एरॉसमध्ये आता आयमॅक्स पडदा आहे, तिथे पुन्हा लागला तर बघा. शायनिंगही काढा, त्याला घरचे प्रेक्षक पुष्कळ मिळतात.

---

पार्लेकरीण

मध्यंतर यांची यादी म्हणजे नुसते बाप्ये आणि बंदुका! बेट डेव्हिसशिवाय वॉर्नरची यादी करणं मला मुळीच पटत नाही. तिथल्या चाळिशीच्या दशकाचा अर्धा गल्ला तिच्या नावावर जमत होता असं म्हटलं तरी चालेल. नाऊ, व्हॉयेजर (१९४२) घ्या, ११७ मिनिटं. आईच्या धाकात दबलेली मुलगी हळूहळू स्वतःच्या पायावर उभी राहते, आणि शेवटी रूढ अर्थाने सुखी न होताही जिंकते. तुमच्या प्रेक्षकवर्गाला हा गुडफेलाजपेक्षा जास्त भिडेल. मॅक्स स्टायनरला संगीताचं ऑस्कर मिळालं ते यालाच.

दुसरं, रंग कुठे आहेत? द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड (१९३८) घ्या आणि त्यानेच सुरुवात करा. १०२ मिनिटं, तीन पट्ट्यांचा टेक्निकलर: कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन निगेटिव्ह धावतात, प्रत्येकीवर वेगळा रंग नोंदला जातो आणि प्रिंट काढताना ते एकावर एक छापतात. म्हणून तो हिरवा इतका गर्द दिसतो. कोर्नगोल्डच्या संगीताला ऑस्कर मिळालं. तोवर तो पुतळा स्टुडिओच्या संगीत विभागप्रमुखाच्या हाती जायचा. खुद्द संगीतकाराला मिळाल्याची ही पहिली वेळ. यातल्या ओलिव्हिया डी हॅविलंडने पुढे वॉर्नरवरच दावा ठोकला. नटाने भूमिका नाकारली की त्याला निलंबित करायचं आणि तेवढे दिवस कराराला जोडत राहायचं, ही स्टुडिओची रीत. १९४४ साली अपील न्यायालयाने सात वर्षांपलीकडे करार ओढता येणार नाही असं ठरवलं. प्रास्ताविकाला यापेक्षा चांगला मजकूर मिळणार नाही.

आणि मध्यंतर, तुम्हाला गरिबांचं चित्रण एवढं महत्त्वाचं वाटतं तर गोल्ड डिगर्स ऑफ १९३३ कसा विसरलात? ९७ मिनिटं. गाणी, नाच, नाण्यांचे पोशाख, सगळी गंमत. आणि शेवटचं गाणं महायुद्धातून परतून भाकरीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या सैनिकांवर. नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कलीने दाखवलेला तो पावसातला मोर्चा फ्युजिटिव्हच्याच जातीचा आहे.

---

रीळ_गिरगाव

पार्लेकरीण ताईंचे तिन्ही मुद्दे मान्य.

आवृत्त्यांबद्दल दोन शब्द, कारण यादी बरोबर असूनही शो इथेच फसतो. द बिग स्लीप घेणार असाल तर त्याच्या दोन आवृत्त्या आहेत. १९४५ ची सैनिकांना दाखवलेली ११६ मिनिटांची, १९४६ ला प्रदर्शित झालेली ११४ मिनिटांची. मधल्या काळात बोगार्ट आणि बकॉल या त्यातल्या नायक-नायिकेच्या जोडीला मागणी वाढली, म्हणून दोघांची नवी दृश्यं घेतली. घोड्यांच्या शर्यतीच्या नावाखाली चाललेली ती चावट बोलाचाली त्यातलीच. त्यांना जागा करायला गुन्ह्याचा उलगडा सांगणारं दृश्य उडवलं. म्हणून १९४६ ची आवृत्ती समजायला अवघड आहे आणि बघायला कितीतरी सरस. तीच लावा. ड्रायव्हरला कुणी मारलं हे शेवटी कुणी विचारलं तर खुशाल हात वर करा.

द सर्चर्सचा प्रश्न येणारच: निर्मिती सी. व्ही. व्हिटनी यांच्या कंपनीची, वितरण वॉर्नरचं. माझ्या नियमाला तो जरा टेकून उभा आहे, पण पहिल्या दिवसापासून ढालीखालीच लागला, म्हणून ठेवतो. तो व्हिस्टाव्हिजनमध्ये आहे. त्यात ३५ मिमी फिल्म आडवी धावते आणि एका चौकटीला चारऐवजी आठ छिद्रं मिळतात, म्हणजे निगेटिव्हचं क्षेत्र दुपटीहून मोठं. नव्या प्रतीत त्याचा फायदा दिसतो, जुन्या डीव्हीडीवर ते वाळवंट नुसतं पिवळं होऊन बसतं. मूळनिवासींचं चित्रण आज टोचतं, प्रास्ताविकात ते सरळ सांगा.

---

थ्रो_आणि_लेन्स

तुमच्या पडद्याचं गणित करून देतो. १० फूट रुंद १६:९ म्हणजे उंची साधारण ५.६ फूट. १९५३ पूर्वीचे तुमचे सगळे चित्रपट १.३७ प्रमाणाचे (रुंदी उंचीच्या १.३७ पट) आहेत, त्यांची प्रतिमा मध्यभागी ७.७ फूट रुंद पडेल आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील. ते तसेच राहू द्या. कुणीतरी उठून "पडदा भरत नाहीये" म्हणतो आणि रिमोटवरचं झूम दाबतो, तिथून घोटाळा सुरू होतो. झूम केलं की वरखालची जवळजवळ पाव प्रतिमा जाते आणि स्ट्रेच केलं की बोगार्ट बुटका आणि जाडा दिसतो.

कासाब्लांकामधला मार्सेयेज (फ्रान्सचं राष्ट्रगीत) गाण्याचा प्रसंग घ्या. जर्मन अधिकारी पियानोभोवती गात असतात, नाझीविरोधी नेता लाझ्लो तरातरा वाद्यवृंदाकडे जाऊन ते वाजवायला सांगतो. वादक आधी मालक रिककडे (बोगार्ट) बघतात आणि रिक मान किंचित हलवतो. एवढीच हालचाल, डोळ्याचं पातं लवण्याइतकी. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चौकट कापली किंवा काळोख दाट ठेवला तर ती निसटते आणि वादक आपल्या मनानेच वाजवायला लागल्यासारखं वाटतं. त्या गर्दीतले बरेच चेहरे युरोपातून पळून आलेल्यांचे होते. रडत गाणारी मादलेन लबो १९४० साली फ्रान्समधून निसटली होती, आणि नाझी मेजर झालेला कॉनराट फाइट स्वतः नाझींमुळे जर्मनी सोडून आलेला. डोळ्यातलं पाणी दिसेल इतपत उजेड हवा.

प्रोजेक्टरवर 'सिनेमा' मोड ठेवा, 'व्हिव्हिड' नको. रॉबिन हूडचा हिरवा आधीच गर्द आहे, त्यात भर घातली की चेहरे लालभडक होतात. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद. प्लेअरचं आउटपुट सेकंदाला २४ फ्रेमवर.

आवाजाचं: स्पीकर दोनच आहेत, तेव्हा प्लेअरच्या मेनूत जाऊन स्टीरिओ डाउनमिक्स (सगळ्या वाहिन्या दोनांत मिसळणं) निवडा. गुडफेलाजसारख्या बहुवाहिनी ट्रॅकमध्ये संवाद मधल्या वाहिनीवर असतात. तो स्पीकर नसताना प्लेअर ५.१ सोडत राहिला तर गाणी ढणाणा आणि बोलणं गायब. जुने चित्रपट मोनो आहेत, ट्रेबल जरा वाढवा, शब्द सुटे ऐकू येतील.

डीव्हीडी वापरायची वेळ आली तर लांबी तपासा. कासाब्लांका १०२ ऐवजी ९८ मिनिटांत संपत असेल तर ती पाल पद्धतीची प्रत आहे. २४ फ्रेम २५ च्या वेगाने पळतात, त्यामुळे आवाजाची पट्टीही किंचित चढते. त्यातल्या पियानोवाल्या सॅमचं गाणं ऐकलं की कान तयार असलेल्याला लगेच कळतं. आणि टर्नरच्या काळात, १९८८ मध्ये, कासाब्लांकाला रंग फासले होते. ती प्रत कुणी उत्साहाने आणली तर नम्रपणे परत करा.

---

शनिवारचा_खेळ, दादर

सगळ्यांचे आभार. आता यादी अशी, दाखवायच्या क्रमाने: रॉबिन हूड, फ्युजिटिव्ह, गोल्ड डिगर्स ऑफ १९३३, नाऊ व्हॉयेजर, कासाब्लांका, बिग स्लीप, सिएरा माद्रे, सर्चर्स, बॉनी अँड क्लाइड, गुडफेलाज. सगळे वेळेत बसतात. विकत घेतलेली डिस्क लावली तर परवानगीचं काय?

---

मध्यंतर

डिस्क घरी बघण्यापुरती असते. वाचनालयाचा हॉल म्हणजे जाहीर खेळ, तिकीट असो वा नसो. प्रत्येक चित्रपटासाठी हक्कधारकाच्या भारतातल्या वितरकाकडून लेखी परवानगी घ्या, शिवाय जाहीर प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, ते आहे का हेही त्यांनाच विचारा. पत्रात चित्रपटाचं नाव, वर्ष, तारीख, खुर्च्यांची संख्या आणि प्रवेशशुल्क नसल्याचा उल्लेख हवा. दहाही चित्रपट आज एकाच छत्राखाली आहेत, तेव्हा एकच पत्र चालतं का ते आधी विचारा. रीळ यांनी सांगितलेल्या त्या खरेदीविक्रीचा तुम्हाला झालेला हा एकमेव फायदा.

क्रमावर एक सुचवणी: फ्युजिटिव्ह आणि गोल्ड डिगर्स यांची अदलाबदल करा. दुसऱ्याच शनिवारी तो अंधारातला शेवट दाखवलात तर तिसऱ्याला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहतील.

---

पार्लेकरीण

आणि रॉबिन हूड १०२ मिनिटांचाच आहे, वेळ उरतोय. आधी चक जोन्सचं वॉर्नरचं कार्टून व्हॉट्स ऑपेरा, डॉक? (१९५७) लावा, जेमतेम सात मिनिटांचं. परवानगीच्या पत्रात त्याचंही नाव घाला म्हणजे झालं.