अलाइनमेंटच्या आधी पुढची चाकं आपसांत बदलून बघा

बरेच जण म्हणतात की गाडी डावीकडे ओढते म्हणजे अलाइनमेंटच (चाकांचे कोन) गेलं, पण हे अर्धंच खरं आहे. नुसता टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते) बिघडला तर स्टिअरिंग वाकडं राहतं आणि टायर एका कडेने खाल्ले जातात, सतत ओढ लागते ती बहुतेक वेळा दोन बाजूंच्या कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि कास्टर (स्टिअरिंगच्या आसाचा पुढे-मागे कल) मधल्या फरकाने, कमी-जास्त हवेने, अडकलेल्या ब्रेकने नाहीतर टायरनेच. थोडीशी डावीकडे जात असेल तर काळजी नको, पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला तेवढा उतार असतोच.

माझी गाडी इंदूरच्या बायपासवर हात सैल केला की लगेच डावीकडे ओढून लेन सोडायची. दोनदा अलाइनमेंट केलं, दोन्ही वेळा मशीनवर आकडे हिरवे, म्हणजे बरोबर, आणि गाडी तशीच. शेवटी राऊकडच्या एका पंक्चरवाल्या काकांनी पुढची दोन्ही चाकं आपसांत बदलून दिली आणि काय सांगू, गाडी उजवीकडे ओढायला लागली! म्हणजे दोष टायरचा, आतले पट्टे जरा एका बाजूला बसले असले की टायर शंकूसारखा फिरतो, वरून बघून काही कळत नाही. चाकं बदलूनही ओढ त्याच बाजूला राहिली तर मग अलाइनमेंट आणि ब्रेक बघा. फक्त टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर असं बदलू नका. आणि लांब चालवून आल्यावर पुढच्या दोन्ही रिमजवळ हात धरून बघा, एक जास्त तापलेली असेल तर त्या बाजूचा कॅलिपर (ब्रेकची डिस्क दाबून धरणारा भाग) अडकतोय, तो आधी सोडवून घ्या.