ब्रिटनची युद्धकाळातली सार्वजनिक भोजनालयं : कुपनाविना जेवण देणं न्याय्य होतं का?

शिधावाटप
ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० ला बेकन, लोणी आणि साखर रेशनवर आली, मार्चमध्ये मांस. सप्टेंबरपासून लंडनवर बॉम्ब पडू लागले. ज्यांची घरं गेली, गॅस तुटला, त्यांच्यासाठी नगरपरिषदांनी सामुदायिक भोजन केंद्रं उघडली. १९४१ मध्ये चर्चिल यांच्या सांगण्यावरून त्यांचं नाव 'ब्रिटिश रेस्टॉरंट' झालं. मांस, दोन भाज्या, बटाटे आणि वर पुडिंग, हे सगळं साधारण ९ पेनीत, आणि रेशनकार्डाला हात न लावता. १९४३ च्या शरदापर्यंत अशी दोन हजारांहून जास्त भोजनालयं होती आणि रोज सहा लाखांवर जेवणं जात होती.

माझ्या मते युद्धकाळातलं अन्नखात्याचं हे सर्वांत शहाणपणाचं काम. जर्मनीने जड काम करणाऱ्यांना वेगळी, मोठी कार्डं दिली. ब्रिटनने बहुतेक जिनसांचं कार्ड सगळ्यांना सारखं ठेवलं आणि कष्टकऱ्याची जादा भूक शिजवलेल्या ताटातून भागवली. जादा कोरडा शिधा घरी गेला की तो कुटुंबात वाटला जातो आणि भट्टीवर उभ्या राहणाऱ्याच्या पोटात पुरेसा पडत नाही. ताट मात्र ज्याला हवं त्याच्याच पोटात जातं.

कोरडवाहू
साफ असहमत. ताट फुकट आकाशातून येत नव्हतं. भोजनालयाला मांस, साखर, चहा मिळे तो किती जेवणं वाढली त्या हिशोबावर, आणि तो साठा देशाच्या त्याच कोठारातला. शहरात कामाला जाणाऱ्याला आठवड्याचं कार्ड शाबूत ठेवून वर पाच-सहा जेवणं; खेड्यातल्या आईला फक्त कार्ड. मोठ्या माणसाचं आठवड्याचं लोणी बहुतेक काळ २ औंस, म्हणजे ५७ ग्रॅम होतं. अशा वेळी रोजचं एक बाहेरचं जेवण ही फार मोठी भर आहे. शेतमजुरांना म्हणून जादा चीज द्यावं लागलं, स्वयंसेवी बायकांनी गावोगाव 'मीट पाय', म्हणजे कणकेच्या आवरणात मांस भरून भाजलेला पदार्थ, पोचवले. व्यवस्था सर्वांपर्यंत पोचत असती तर ही ठिगळं लागली नसती.

शिधावाटप
खेड्यांचा मुद्दा खरा आहे. पण भोजनालयं काढली नसती तर कुपनाबाहेरचं जेवण बंद झालं असतं का? हॉटेलं चालूच होती, आणि पैसेवाला तिथे रोज जेवत होता. जून १९४२ मध्ये एका जेवणाला ५ शिलिंगांची कमाल मर्यादा घातली. ५ शिलिंग म्हणजे ६० पेनी. नऊ पेनीच्या ताटाने तीच सवलत गिरणीकामगाराला आणि टायपिस्टला मिळाली.

वाफ_आणि_झाकण
न्यायाचा वाद चालू दे, पण ताटात काय पडत होतं तेही बघा. मोठ्या स्वयंपाकघराची खरी अडचण भांड्यापासून सुरू होते. २५० माणसांना माणशी २०० ग्रॅम बटाटा म्हणजे सोललेला ५० किलो. साल आणि डोळे मिळून पाचवा हिस्सा जातो असं धरलं तर ६२-६३ किलो आणायचा. सोलायचं यंत्र जरा जास्त वेळ फिरलं की घट आणखी वाढते. सकाळी चिरून पाण्यात ठेवला, अकराला उकडला आणि दीडपर्यंत गरम ठेवला की क जीवनसत्त्वाचा मोठा भाग पाण्यात उतरून आणि उष्णतेने संपला. कोबीचं तर त्याहून वाईट. मध्यवर्ती स्वयंपाकघरातून बंद डब्यांत जेवण पाठवलं की भाजी आतल्या आत शिजत राहते, रंग करडा होतो आणि वास सुटतो.

उपाय अवघड नव्हता : भाजी ऐनवेळी चिरायची, थोड्या उकळत्या पाण्यात झाकण ठेवून शिजवायची, एकदम न करता दर वीस मिनिटांनी नवी खेप लावायची, सोबत कच्चा कोबी द्यायचा. त्याला चुली आणि हात जास्त लागतात, आणि हात तर युद्धाच्या कामावर गेलेले. पण संत्री दुकानातून जवळजवळ दिसेनाशी झालेल्या देशात बटाटा आणि कोबी हेच क जीवनसत्त्वाचे आधार होते. उष्मांक भरले म्हणून पोषण झालं असं म्हणता येणार नाही.

कोरडवाहू
बरोबर. याला खर्चाचा नियम जबाबदार आहे. सुरुवातीची भांडीकुंडी, दुरुस्ती यांना सरकारी पैसा, पण रोजचा खर्च गल्ल्यातून निघाला पाहिजे. मग परिषद खेपा वाढवेल की माणसं कमी करेल? १९४७ च्या कायद्याने परिषदांना भोजनालयं पुढे चालवू दिली, पण सलग तीन वर्षं तोटा झाला तर मंत्र्याच्या संमतीवाचून चालवता येणार नाही अशी अट घातली. जेवणाचा दर माणसाच्या ऐपतीचा आणि हिशोब दुकानाचा, हे एकत्र टिकत नाही.

शिधावाटप
इथे मी तुमच्या बाजूने. मुलांच्या शाळेतल्या जेवणाला सरकारी अनुदान होतं, म्हणून ते शांततेतही टिकलं.

दाणेबाजार
हा नमुना आपल्याकडे जसाच्या तसा का चालला नसता, तेही पाहायला हवं. ब्रिटनमध्ये युद्धभर पाव आणि बटाटा रेशनबाहेर होते. पावावर कुपन आलं ते जुलै १९४६ मध्ये, युद्ध संपल्यावर. त्यामुळे कुपनाविना ताट पोटभर करता येत होतं, टंचाईची जिन्नस फक्त मांस, चरबी, साखर. मुंबईत मे १९४३ पासून धान्यच रेशनवर आलं. भात-भाकरी हेच ताट असेल तर कुपनाविना एक जेवण म्हणजे दुसऱ्याच्या कार्डावरचा थेट दाणा. त्याच वर्षी बंगालमध्ये लंगर उघडले तेव्हा वाढायला पुरेसं धान्यच नव्हतं, पातळ खिचडीवर माणसं मेली. आधी धान्याचा साठा ताब्यात, मग भोजनालय, हा क्रम उलटवता येत नाही.

वाफ_आणि_झाकण
म्हणजे कोरडवाहूंचा आक्षेप ब्रिटनपेक्षा मुंबईला जास्त लागू पडतो.

कोरडवाहू
मुंबईला पूर्ण. ब्रिटनला मांस आणि साखरेपुरता, तेवढा मी मागे घेणार नाही.