अनुभव धागा: अल्बमातला तो एक रिकामा कप्पा

पहिली पन्नास-साठ नाणी कुणाला शोधावी लागत नाहीत. आजीच्या डब्यात असतात, मामा काढून देतो, दुकानदार सुट्टे म्हणून हातावर ठेवतो. शेवटचं एक मात्र छळतं. आणि ते दरवेळी दुर्मीळच असतं असंही नाही. माझ्या ओळखीत तीन पैशांच्या एका सालासाठी हळहळणारी माणसं आहेत. भारी नाणं कुणीतरी जपून ठेवलेलं असतं, कधी ना कधी लिलावात निघतं. दहा-वीस रुपयांना मिळणारं नाणं कुणी जपलेलंच नसतं. व्यापारी म्हणतो, एवढ्याशासाठी पिशव्या कोण उपसत बसणार?

माझं दुखणं सांगतो. मी इंग्रज राजा सहाव्या जॉर्जचे रुपये जमवतो. यादी छोटी आहे. १९३८ ते १९४५ चे चांदीचे, आणि १९४७ चा निकेलचा वाघवाला. अडलंय १९३९ वर. तो लोकांच्या हातात फारच थोडा आला. इथं संभाजीनगरच्या सराफ्यात 'एकोणचाळीसचा आहे का' असं विचारलं की पेढीवरचा माणूस आधी नाणं शोधत नाही, तुमचा चेहरा वाचतो. मग जे बाहेर येतं ते बहुतेक वेळा १९३८ च्या आठावर कारागिरी करून नऊ केलेलं. वजन बरोबर, ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना तोळा. चांदी बरोबर, कडेच्या रेघा बरोबर, कारण नाणं खरंच आहे, साल तेवढं खोटं. १९४० पासूनच्या रुपयावर हात चालवला असेल तर लवकर सापडतं. त्यात चांदी निम्मी, आणि कडेच्या रेघांमधून सहसा एक खाच फिरलेली असते. आठाचा नऊ मात्र भिंगाखाली वळवून वळवून बघावा लागतो, आणि तोवर विकणारा 'घ्यायचाय का नाही' म्हणून दोनदा खाकरलेला असतो.

तर मंडळी, तुमचं कोणतं राहिलंय? मिळालं असेल तर कसं, नसेल तर कुठं अडलं? नाणीच पाहिजेत असं नाही. लिहा.

सेलू, परभणी जिल्हा

आमच्याकडं जुनं नाणं म्हणजे हाली. निजामाचा तो हाली, इंग्रजाचा तो कलदार. सात हालीला सहा कलदार, हा हिशेब आमच्या आजोबांना झोपेतून उठवून विचारला तरी यायचा. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपलं, पण हाली पैसा त्यानंतरही काही वर्षं बाजारात चालत होता. म्हणून मराठवाड्यात तो अजून घराघरांतून निघतो. मिळण्याची अडचण नाही, नेमका मिळण्याची आहे.

हाली रुपयावर चारमिनार असतो आणि त्याच्या दारात निजामाच्या नावाचं एक उर्दू अक्षर. मीर महबूब अलीच्या नाण्यावर मीम, त्याच्यानंतरच्या मीर उस्मान अलीच्या नाण्यावर ऐन. उस्मान अली १९११ ला गादीवर आला, तेव्हाच्या पहिल्या नाण्यांवर हा ऐन अर्धा आहे, शब्दाच्या सुरुवातीला लिहितात तसा. नंतर दारात पूर्ण ऐन आला. माझ्याकडं मीम आहे, पूर्ण ऐन ढिगानं आहेत, अर्धा ऐन नाही. सगळा जीव त्या दारात अडकलाय.

जिंतूरकडच्या एका तांड्यावर एका म्हातारीच्या गळ्यात हाली रुपयांची माळ आहे असं कळलं. ओळखीच्या माणसाला घेऊन गेलो. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं, मग विषय काढला. याडी, म्हणजे तांड्यावरच्या बोलीत आई, म्हणाली, "बघायचं तर बघ, काढणार न्हाई मी." गळ्यातली माळ तशीच पुढं धरली. मी भिंग लावलं. प्रत्येक नाण्याला कडी झाळलेली, म्हणजे संग्राहकाच्या हिशेबानं किंमत तिथंच पडली, पण ते जाऊ द्या. एका नाण्यावर हिजरी १३३० लागलं, म्हणजे साधारण १९१२. अगदी संधीवरचं साल! हात थरथरायला लागला. दाराकडं आलो तर दार गुळगुळीत. इतक्या वर्षांत कापडावर, कातडीवर घासून अक्षर पार गेलेलं. अर्धा होता का पूर्ण, देव जाणे.

"काय दिसलं रं?" तिनं विचारलं.

"दार दिसलं. अक्षर दिसंना."

"मग तुला कशाला पायजे? माझं तर दिसतंय मला."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. गावातला एक सराफ नंतर म्हणाला, म्हातारीनंतर सुना माळ मोडायला आणतीलच, आटणीला टाकायच्या आधी तुम्हाला फोन करतो, नंबर द्या. नाही दिला. तेवढी लाज शिल्लक आहे.

अंबाजोगाई

माझं राहिलेलं मिळालं. दोन रुपयांची सालं पूर्ण झाली. मग एका शहाण्यानं विचारलं, टांकसाळीप्रमाणं आहेत का? सालाखाली हिऱ्यासारखी चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, टिंब म्हणजे नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता. आता एका सालाचे चार-चार कप्पे झालेत. त्या माणसाशी मी बोलत नाही.

लातूर, किराणा दुकान

दहा रुपयांचं नाणं आमच्याकडं कुणी घेत नव्हतं हे तुम्हाला आठवत असेल. दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं, असं काय काय. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं की चौदा प्रकारची दहाची नाणी आहेत आणि सगळी चालतात. लोकांनी ते वाचलं नाही, मी वाचलं. आणि माझ्या डोक्यात किडा शिरला, की चौदाच्या चौदा जमवायचीच.

दुकानावर पाटी लावली, 'दहाचे नाणे घेतले जाईल'. अहो, लोटच आला! बाया पदराच्या गाठी सोडायल्या, रिक्षावाले पिशव्या घेऊन यायले. संसदेची साठ वर्षं, होमी भाभा, वैष्णोदेवी, योग दिन, बाबासाहेबांची सव्वाशेवी जयंती, सगळं आपल्या पायानं चालत आलं. राहिलं कोणतं, तर कॉयर बोर्डाचं. काथ्या! १९५३ ते २०१३, साठ वर्षं झाली म्हणून काढलेलं नाणं. लातुरात काथ्याशी कुणाचा काय संबंध? नाण्यानंही तसंच मनावर घेतलेलं दिसतंय, या बाजूला फिरकलंच नाही.

वर आणखी पंचाईत म्हणजे, गोळा झालेली नाणी परत द्यायची कुणाला? ग्राहक घेईनात. बँकेतला माणूस मोजायला कंटाळतो, 'सोमवारी या' म्हणतो. सोमवारी गेलं की गुरुवारी. मुलगा म्हणतो, पप्पा, एका नाण्यासाठी दुकानाचं भांडवल गोठवलं तुम्ही. बरोबर आहे त्याचं. पण पाटी अजून काढलेली नाही.

नांदेड

गोदावरीच्या घाटावर पोरं दोरीला चुंबक बांधून नाणी काढतात. माझा शोध १९८५ च्या एक रुपयाचा. त्या वर्षी नाण्यांची टंचाई होती म्हणून सरकारनं बाहेरूनही पाडून घेतला. वेल्समधल्या लॅन्ट्रिसंटचा माझ्याकडं आहे, बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा, सालाखाली 'एच' असलेला, नाही. पोरांना सांगून ठेवलं, जुना जाड रुपया दिसला की माझ्यासाठी ठेवा. रोज डबा भरून आणायले, आणि मी प्रामाणिकपणे विकत घ्यायलो.

सगळे १९९२ नंतरचे निघायचे. मग शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मेहुण्यानं हसत हसत सांगितलं, "दाजी, जुना रुपया तांबं-निकेलचा. चुंबकाला लागतच नाही तो. लागतो तो पोलादाचा." म्हणजे माझा रुपया तळाशी असला तरी पोरांच्या चुंबकाला कधीच चिकटणार नव्हता. पोरांना हे सांगितलं तर एक जण म्हणाला, "आम्हाला ठाऊक होतं काका, पण तुम्ही पैसे देत होते ना."

धाराशिव, निवृत्त शिक्षक

थोडं वेगळं लिहितो. तेर, पैठण, भोकरदन ही सातवाहन काळातली गावं. पाऊस पडून गेला की शेतात शिशाची, तांब्याची नाणी वर येतात. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं जोडलेलं उज्जैन चिन्ह. मला सातवाहनांचं एक विशिष्ट नाणं हवं होतं आणि नेमकं तसंच एक माजी विद्यार्थी रुमालात बांधून घेऊन आला. "गुरुजी, तुमच्यासाठी आणलंय."

घेतलं नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. दहा रुपये हा आकडा आज हास्यास्पद वाटेल, पण कायदा आहे. विद्यार्थ्याला वाटलं गुरुजींना नाणं पसंत पडलं नाही. त्याला समजावताना मला जो त्रास झाला तो शब्दांत सांगता येणार नाही, कारण नजर रुमालावरून हटत नव्हती. तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात सातवाहन नाणी काचेआड आहेत. जमेल तेव्हा जाऊन पाहतो. ज्यांना असली नाणी शेतातून 'मिळतात', त्यांनी इथं तोंड उघडू नये ही विनंती.

जालना, गृहिणी

मी जमवत नाही, जमवणाऱ्याशी लग्न केलंय. आमच्याकडं भाजी आणली की आधी सुट्टे तपासले जातात, मग भाजी. ह्यांचं वीस पैशाच्या नाण्याचं चाललंय, पितळी, कमळाचं, १९६८ ते १९७१. एक साल राहिलंय. ते पितळ काही लोकांनी सोनं म्हणून जपलं आणि काहींनी वितळवलं म्हणे. आमच्या वाट्याचं वितळवलेल्यांच्या घरी गेलं असणार.

मध्यंतरी मोबाइलवर कुठून तरी जाहिरात आली, हवं ते नाणं मिळेल, आणि तुमच्याकडचं वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं आम्ही लाखोंना घेऊ. ह्यांनी नंबर फिरवला. समोरचा म्हणाला, आधी नोंदणी, मग कर भरा, रिझर्व्ह बँकेचं पत्र पाठवतो. मी फोन हातातून घेतला आणि विचारलं, "तुमच्याकडं वैष्णोदेवीची किती आहेत? माझ्याकडं डबाभर आहेत, निम्म्या भावात देते, आत्ता घेऊन जा." फोन कट! जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपण असले पैसे मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलेलं आहे. घरोघरच्या नाणेवेड्यांना वाचून दाखवा.

ह्यांचं म्हणणं, तो फसवा असेल पण कमळाचं त्याच्याकडं असूही शकतं. आता बोला.

हिंगोली

लातूरचे दुकानदार, कॉयर बोर्ड माझ्याकडं दोन आहेत. मला नॅशनल आर्काइव्हजचं, २०१६ चं, पाहिजे. तुमच्या पिशव्यांत जास्तीचं असणारच. कुरिअरनं नको, पाठवणावळ नाण्याहून जास्त होते.

लातूर, किराणा दुकान

आर्काइव्हजची आहेत की! परभणी स्टेशनवर भेटू. पण साहेब, एकाच्या बदल्यात एक नाही, सोबत साधी दहाची शंभर नाणी घेऊन जावी लागतील. तिकडं हिंगोलीत चालत असतील तर बघा.

हिंगोली

कुठं चालतात? पन्नासवर तोडा.