आईच्या रिपोर्टात हर-टू 2+ आलंय, ते महागडं इंजेक्शन लागणार का?

दारव्हेकर: रिपोर्ट काल हाती आला. डॉक्टर सोमवारी भेटतील. गावातला मेडिकलवाला म्हणतो, प्लस म्हणजे पॉझिटिव्ह, इंजेक्शन घ्याच लागते. घरात वावर विकायच्या गोष्टी सुरू झाल्या. पटकन सांगा.

उमरेडचा भाऊ: कशाचा कॅन्सर? वय? ऑपरेशन झालं का? काहीच तर नाही लिहिलं.

दारव्हेकर: स्तनाचा, अजून कशाचा! वय 52. फक्त तुकडा काढून तपासला.

ठेचा-भाकर: माह्या साडभावाले फुप्फुसाचा होता, रोज एक गोळी. इंजेक्शन नका घेऊ, गोळीच मागा.

लॅबवाली: काका, ती गोळी ईजीएफआर नावाचा रिसेप्टर (पेशीवरचं निरोप झेलणारं प्रथिन) बिघडलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरची. हर-टू त्याच घराण्यातला, पण रिसेप्टर वेगळा. इथं नका सुचवू.
दारव्हेकर, 0 आणि 1+ निगेटिव्ह, 3+ पॉझिटिव्ह. 2+ म्हणजे अजून ठरलं नाही. हर-टू रिसेप्टर निरोगी पेशीवरही असतात, 'वाढ' हा निरोप आत पोचवतात. जनुकाच्या प्रती वाढल्या की पेशीवर त्यांची दाटी होते, मग बाहेरून हुकूम नसतानाही ते आपसात जोड्या जमवतात आणि पेशी विभागतच राहते. प्रती खरंच वाढल्या का, ते फिश टेस्ट सांगते. काढलेला तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेला असतो, बहुतेकदा त्याच ब्लॉकवर होते, परत सुई नको. ईआर-पीआर, म्हणजे हार्मोनचे रिसेप्टर, काय आलंय?

गोधन: रोज सकाळी गोमूत्र द्या. केमिकल कायले टोचता?

उमरेडचा भाऊ: तुम्ही आधी तोंडातला खर्रा थुका, मग सांगा.

गोधन: खर्रा माझ्या पैशाचा खातो. दारव्हेकर, वावर कोणत्या शिवारात आहे? ओलिताचं का?

दारव्हेकर: इथं वावराचा भाव नका काढू. ताई, ईआर 90 टक्के, पीआर 60. तेही पृष्ठभागावरचेच नं?

लॅबवाली: नाही, ते मुख्यतः पेशीच्या केंद्रकात. त्यांना हार्मोनच्या गोळ्या असतात, ते वेगळं. फिश पॉझिटिव्ह आलं तरच ट्रास्टुझुमॅब, म्हणजे ते महागडं इंजेक्शन. त्याआधी हृदयाचा इको लागतो. भारतात बनलेलं स्वस्त ट्रास्टुझुमॅबही मिळतं, आणि महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा.

दारव्हेकर: ब्लॉक मागितला तर लॅबवाला म्हणे, रिपोर्ट दिला नं, अजून काय पाहिजे.

लॅबवाली: डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन अर्ज द्या, पोच घ्या. ब्लॉक उन्हात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, मेण वितळते.

ठेचा-भाकर: मी तरी गोळीच म्हणतो.