मदत हवी आहे: वाळवंटातला नॉस्टॉक यूव्हीत मरतोय

अधीरा: वाळवंटी मातीच्या कवचातून वेगळा केलेला नॉस्टॉक (एक सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नीलहरित जीवाणू) आहे. यूव्ही दिला की पांढरा पडतो. हे जीव रणरणत्या उन्हात तग धरतात ना? मग माझाच का मरतो? सोमवारी गाईडना निकाल दाखवायचाय, लवकर सांगा.

नीलहरित: दिवा कोणता? तरंगलांबी किती?

अधीरा: लॅमिनार फ्लोमधलाच, म्हणजे निर्जंतुक कामाच्या कपाटातला.

नीलहरित: म्हणजे 254 नॅनोमीटर, यूव्ही-सी. ती ओझोनच्या थरातच अडते, वाळवंटात जमिनीपर्यंत येत नाही. तिथे यूव्ही-ए आणि थोडी यूव्ही-बी असते. यूव्ही-बीचा दिवा घ्या, खाली सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म लावा, म्हणजे दिव्यातली यूव्ही-सी अडेल.

मातीवाला: त्यापेक्षा क्रोओकॉक्सिडिऑप्सिस हा दुसरा सायनोबॅक्टेरिया घ्या. 2014 ते 2016 अंतराळ स्थानकाच्या बाहेर राहूनही पुन्हा वाढला.

नीलहरित: तो वाळवून ठेवलेला होता. इथे ओलं कल्चर आहे, आणि प्रश्न नॉस्टॉकचा आहे.

सूक्ष्मदर्शी: कल्चरचा रंग?

अधीरा: निळसर हिरवा. ट्यूबलाइटखाली वाढवलंय. त्याचा काय संबंध?

सूक्ष्मदर्शी: तोच तर संबंध! उन्हातला नॉस्टॉक तपकिरी, जवळजवळ काळा दिसतो, कारण पेशींबाहेरच्या आवरणात स्कायटोनेमिन हे रंगद्रव्य साचलेलं असतं. ते यूव्ही-ए शोषतं आणि यूव्ही-ए मिळाल्यावरच भरपूर तयार होतं. तुमच्या पेशींना ते बनवायची वेळच आलेली नाही. आधी सौम्य यूव्ही-एची सवय लावा. मग ॲसिटोनमध्ये अर्क काढून तो किती प्रकाश शोषतो ते 384 नॅनोमीटरला वाचा. क्लोरोफिलही त्यात उतरतं, म्हणून 663 चं रीडिंगही घ्या.

मातीवाला: सगळं श्रेय रंगद्रव्याला देऊ नका. मातीतल्याच मायक्रोकोलियस या सायनोबॅक्टेरियाकडे स्कायटोनेमिन नाही, तो माती वाळायला लागली की खाली सरकतो.

सूक्ष्मदर्शी: मातीत सरकेल हो, फ्लास्कमध्ये कुठे जाणार? शिवाय नॉस्टॉककडे मायकोस्पोरिनसारखी अमिनो आम्लंही असतात, ती यूव्ही-बी झेलतात.

जलप्रेमी: माझ्या माशांच्या टाकीतलं शेवाळ यूव्ही दिव्याने जाईल का?

नीलहरित: वेगळा धागा काढा. अधीरा, यूव्ही दिल्यावर कल्चर कुठे ठेवता?

अधीरा: फॉइल गुंडाळून अंधारात.

नीलहरित: तिथेही नुकसान होतंय. यूव्हीमुळे डीएनएत शेजारचे थायमिन एकमेकांना चिकटतात. ते जोड सोडवणारं फोटोलायेझ हे एन्झाइम निळ्या किंवा यूव्ही-ए प्रकाशावर चालतं. अर्धं कल्चर उजेडात, अर्धं अंधारात ठेवा, फरक दिसेल.

अधीरा: ठीक. यूव्ही-एचा दिवा किती उंचीवर लावू?

नीलहरित: नुसत्या उंचीवरून मात्रा कळत नाही. ती मोजणारा रेडिओमीटर आहे का? आणि यूव्ही-बीच्या वेळी प्लेटचं झाकण काढा, त्याचं पॉलिस्टायरीन प्लास्टिक ती अडवतं.