जुन्या वाटणीपत्रातला 'हात' नक्की किती इंचाचा धरायचा?

तासगावकर_०७:
नमस्कार मंडळी. पंजोबांच्या वेळचं १९११ चं घरगुती वाटणीपत्र ट्रंकेत सापडलं, मोडीत होतं, एका जाणकारांकडून वाचून घेतलं. त्यात लिहिलंय की विहिरीच्या थारोळ्यापासून पूर्वेचा बांध ४२ हात. विहीर चुलत्यांच्या वाट्याला, बांधाच्या पलीकडं आमचं रान. नेटवर बघितलं तर एक हात म्हणजे १८ इंच, म्हणजे ६३ फूट झाले, आणि टेप लावला तर बांध ६६ फुटांवर भरतोय. ३ फूट आमच्याकडं सरकलाय म्हणून घरात कुजबूज सुरू झालीय, चुलत्यांशी बोलणं कमी झालंय आणि मला ते अजिबात बरं वाटत नाही. हात धरायचा तरी कुणाचा? टेप नव्हते तेव्हा मापं जुळायची कशी?

माहुलीची_लेक:
दादा, १८ इंच हे आपण नंतर धरलेलं आहे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात, हे सगळीकडं सारखंच, पण माणूस बदलला की हात बदलतो, हे जुन्या लोकांनाही चांगलं कळत होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बघा, ८ जवाचे दाणे म्हणजे १ अंगुळ, किंवा मध्यम बांध्याच्या माणसाच्या मधल्या बोटाची जाडी, आणि असे २४ अंगुळ म्हणजे १ हात. 'मध्यम बांध्याच्या' हा शब्द मला फार आवडतो, कारण राजाचाही हात नको आणि पोराचाही नको. पण तिथंच पुढं सुतारांचा हात ४२ अंगुळांचा आणि लाकडाच्या जंगलासाठी ५४ अंगुळांचा दिलाय! म्हणजे कामागणिक हात वेगळा. तेव्हा एका आकड्यावर चुलत्यांवर आळ घेऊ नका, हात जोडून सांगते.

जुना_मोजणीदार (सातारा):
ताई बरोबर बोलल्या. आपल्याकडं शिवकाळात जमीन मोजायला काठी ठरवून दिली होती, ५ हात ५ मुठींची, आणि वाद नको म्हणून हात १४ तसूंचा (तसू म्हणजे लांबीचं जुनं बारीक माप), सगळी काठी ८२ तसूंची असंही बांधून दिलं होतं. अशा २० काठ्या लांब नि २० काठ्या रुंद म्हणजे बिघा, १२० बिघ्यांचा चावर. पुढं इंग्रजांची ३३ फुटी साखळी आली, तिचे १६ आणे, आणि साखळीचा चौरस म्हणजे आपला गुंठा, १०८९ चौरस फूट, तो आजही सगळ्यांच्या तोंडात आहे. मी ३० वर्षं बांधावर काढलीत, सांगतो, घरगुती कागदातला हात बहुतेक वेळा घरातल्याच कुणाच्यातरी हाताचा किंवा गावच्या सुताराच्या गजाचा असतो. हद्दीचा निकाल शेवटी सरकारी मोजणीनंच लागतो हे खरं, पण त्याआधी घरातला संशय तरी घालवा.

कृष्णाकाठ_सांगली:
एक उपाय आहे, करून बघा. पेट्री नावाचा इंग्रज १८८० साली गिझाच्या पिरॅमिडवर गेला, त्यानं दुसरीकडचा हात आणून तिथं लावला नाही, इमारतीलाच विचारलं. आतली राजाची खोली रुंदीच्या बरोबर दुप्पट लांब आहे, ती २० हात लांब नि १० हात रुंद धरली की एक हात २०.६ इंचाचा येतो, आणि तोच हात पायथ्याला लावला की एकेक बाजू ४४० हात भरते. तुमच्याही वाटणीपत्रात अजून एखादं माप असेलच, गोठा, सोपा, परडं, जे आजवर हललेलं नाही असं. ते मोजा आणि त्यातनं तुमच्या पंजोबांचा हात काढा. फक्त भिंतीचा नवा गिलावा धरू नका, दगडापासून दगडापर्यंत टेप लावा.

तासगावकर_०७:
काका, काल सकाळीच केलं. कागदात सोपा ११ हात लांब लिहिलाय आणि सोप्याची दगडी जोती जुनीच आहेत. एका कोपऱ्यातला सिमेंटचा थर छिन्नीनं काढून दगड उघडा केला, टेपचं टोक आईनं धरलं, दोनदा मोजलं, १७ फूट ३ इंच भरलं. म्हणजे हात झाला १८.८ इंचाचा. ४२ नं गुणलं तर ६५ फूट १० इंच. बांध जिथल्या तिथंच आहे हो! रात्री कागद आणि टेप घेऊन चुलत्यांकडं गेलो, त्यांना सगळा हिशोब दाखवला आणि आमच्या मनात काय होतं तेही सांगितलं. काकूंनी जेवूनच जा म्हणून बसवून घेतलं. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.