कुत्र्यासाठी घरी वाळवलेला मांसाचा खाऊ: चिकन, कलेजी की फुप्फुस?

रानवाट
देशी कुत्री, वय ३ वर्षं, नसबंदी झालेली, वजन १२ किलो. दोन वेळचं जेवण पाकिटातलं कोरडं. शिकवताना द्यायला मांसाचा खाऊ घरीच करायचा आहे, कारण दुकानातल्या मऊ जर्कीच्या (मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्यांच्या) घटकांत ग्लिसरीन, मीठ, रंग असं बरंच काही दिसतं. घरात ओटीजी आहे, पण त्याचं तापमान १०० अंशांच्या खाली जात नाही. कशापासून सुरुवात करावी, दिवसाला किती द्यावा आणि पुण्याच्या पावसाळ्यात बुरशी न लागता तो कसा टिकवावा? शिवाय बराच वेळ चघळायला सुरक्षित काय देता येईल? कच्चं मांस थेट उन्हात वाळवलं तर चालतं का?

डेक्कन_४
उन्हात नको. पावसाळ्यात तर नाहीच, पण एप्रिलच्या कडक उन्हातही मांस कित्येक तास कोमट राहतं. जंतूंना वाढायला तेवढा वेळ पुरतो, माश्या बसतात त्या वेगळ्याच.

आधी प्रमाण बघा. नसबंदी झालेल्या, मध्यम हालचालीच्या १२ किलोच्या कुत्रीला दिवसाला साधारण ७२० किलोकॅलरी लागतात. खाऊ त्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणजे ७० च्या आसपास. वाळलेल्या चिकन ब्रेस्टचे हे १५ ते १८ ग्रॅम झाले, ओल्या मांसाच्या हिशेबात सुमारे ६० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सकाळीच मोजून डबीत काढा आणि घरातल्या सगळ्यांनी त्याच डबीतून द्या. तुकडा वाटाण्याएवढा पुरे. तुकडा लहान असला की जास्त वेळा देता येतो.

आता कृती. सुरुवात चिकन ब्रेस्टनेच करा. कातडी आणि चरबी पूर्ण काढा. चरबी वाळत नाही, ती खवट होते, आणि चरबीचा मोठा डोस स्वादुपिंडाला सूज आणू शकतो. मांस पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवलं की घट्ट होतं आणि ४-५ मिलिमीटरचे एकसारखे काप पडतात. रेषांच्या दिशेने कापलं तर चिवट पट्ट्या होतात, आडवं कापलं तर हाताने सहज मोडणारे तुकडे. शिकवायला आडवं कापलेलंच बरं.

यापुढची पायरी बरेच जण गाळतात: आधी शिजवा, मग वाळवा. काप मोदकपात्रात किंवा इडलीपात्रात ८-१० मिनिटं वाफवा, आतलं तापमान ७४ अंशांना पोचलं पाहिजे. अन्नाचा थर्मामीटर असेल तर सर्वांत जाड तुकड्यात खुपसून बघा. कच्चं मांस थेट वाळवायला लावलं तर बाष्पीभवनामुळे ते आतल्या हवेपेक्षा बराच वेळ थंड राहतं. त्या काळात पृष्ठभाग सुकतो आणि सुकलेल्या जागेतले साल्मोनेला जंतू उष्णतेला जास्त दाद देत नाहीत. ओलं असतानाच मारले तर ते लवकर मरतात.

मग फडक्याने टिपून जाळीवर एकमेकांना न चिकटता मांडा. ओटीजी १०० वर ठेवा, दारात लाकडी उलथनं अडकवून दोन बोटांची फट ठेवा म्हणजे वाफ बाहेर पडेल. दोन ते अडीच तास लागतात, मध्ये एकदा उलटा. घाई करून १५० वर ठेवलं तर बाहेर टणक कवच होतं आणि ओल आत कोंडते. वरून कडक दिसणारा असाच खाऊ चार दिवसांत बुरशी धरतो.

एक तुकडा पूर्ण गार करून वाकवा. मोडला पाहिजे. नुसता वाकला तर परत आत. नंतर सगळे तुकडे काचेच्या बरणीत एक दिवस झाकून ठेवा, काचेला आतून दव दिसलं तर आणखी अर्धा-पाऊण तास वाळवा. १ किलो मांसाचे २५० ते ३०० ग्रॅम उरतात. फ्रीजमध्ये दोन आठवडे, फ्रीजरमध्ये तीन महिने. पावसाळ्यात आठवड्याच्या लहान पुड्या करून फ्रीजरमध्ये टाका, मोठी बरणी रोज उघडली की दमट हवा आत जाते.

सह्याद्री_पंजे
वरची कृती पक्की आहे. मटणाच्या दुकानातून कलेजी किंवा फुप्फुस आणणार असाल तर मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. शेळ्या-मेंढ्यांच्या यकृतात आणि फुप्फुसात पाण्याने भरलेले पांढरट फुगे सापडू शकतात. ते हायडॅटिड नावाच्या फीतकृमीचे असतात. तो अवयव कुत्र्याने कच्चा खाल्ला की कृमी त्याच्या आतड्यात वाढतो, विष्ठेतून अंडी पडतात, आणि ती माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या यकृतात तसेच फुगे होतात. लहान मुलं असलेल्या घरात हे फार गंभीर आहे. म्हणून असे अवयव कधीही कच्चे देऊ नका. फुगा दिसला तर तो तुकडा घेऊच नका आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही टाकू नका. बाकीचं उकळी फुटल्यावर अर्धा तास शिजवा, मगच वाळवा. जंताचं औषध वजनानुसार डॉक्टरांकडून घेताना त्यात प्राझिक्वांटेल (फीतकृमी मारणारं औषध) आहे का, ते विचारा.

फुप्फुस माझ्या मते शिकवण्यासाठी सर्वांत उत्तम. चरबी कमी, वाळल्यावर थर्माकोलसारखं हलकं, हाताने चुरता येतं, खिशाला तेलकटपणा नाही. कलेजीच्या वासाने कुत्रं जास्त वेडं होतं हे खरं, पण तिच्यात अ जीवनसत्त्व प्रचंड असतं आणि ते शरीरात साठत जातं. मटणाच्या कलेजीत चिकनच्या कलेजीच्या दुपटीहून जास्त. तुमच्या कुत्रीला वाळलेली ३ ग्रॅम, आठवड्यातून दोन-तीन दिवस, बस. एकदम जास्त दिली तर दुसऱ्या दिवशी पातळ, काळपट शी हमखास. डाल्मेशियन असेल त्याने कलेजी आणि गुर्दा टाळावा, त्या जातीत युरिक आम्लाचे खडे होण्याची जन्मजात प्रवृत्ती असते.

चिकनचा पेटा (कोंबडीचं मांसल जठर) स्वस्त पडतो आणि चांगला लागतो, पण चिवट असल्याने बारीक कापून २०-२५ मिनिटं उकडावा लागतो.

कोकणची_लाट
चघळण्याबद्दल. नियम एकच: अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर खूण उमटली नाही तर ती वस्तू दाताला जड आहे. खूर, शिंग, वाळलेली मोठी हाडं या सगळ्यांनी वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरते, आणि मग भूल देऊन दात काढण्याचा खर्च. शिजवलेलं कोणतंच हाड देऊ नका, त्याच्या टोकदार कपच्या होतात. चामड्याची पांढरी गाठ मारलेली हाडंही नकोत: ती रसायनांनी धुतलेली असतात, आणि गिळलेला तुकडा पोटात फुगून अडकतो.

बरे पर्याय म्हणजे शेळीचा वाळवलेला कान, म्हशीची श्वासनलिका, रेड्याची कांडी (म्हणजे त्याचं वाळवलेलं लिंग). महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथे तयार होणारा असा माल म्हशीचा असतो. कांडीचं वजन मनात धरा: ६ इंचांच्या कांडीत साधारण ९० किलोकॅलरी, म्हणजे दिवसाचा खाऊ त्यातच संपून वर उरतो. पंधरा-वीस मिनिटं चघळू द्या, काढून फ्रीजमध्ये ठेवा. दोन इंच उरली की टाकून द्या, शेवटचा तुकडा अख्खा गिळायचा प्रयत्न होतो आणि घशात अडकतो. चघळताना कुणीतरी समोर असलंच पाहिजे.

श्वासनलिका किंवा गळ्याचं मांस रोज नको. त्याला थायरॉइडची ग्रंथी चिकटून राहिली तर तिच्यातलं संप्रेरक खाऊतून जातं. मग तहान वाढणं, अस्वस्थपणा, वजन उतरणं अशी लक्षणं दिसतात.

विकतच्या जर्कीबद्दल: अमेरिकेच्या एफडीएकडे २००७ पासून जर्की खाल्लेल्या कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या तक्रारी आल्या, बहुतेक पाकिटं चीनमध्ये बनलेली. रक्तातली साखर ठीक, पण लघवीत साखर, असा तो प्रकार. कुत्री अचानक खूप पाणी पिऊ लागली, सारखी लघवी करू लागली, तर खाऊ बंद करून पाकीट हातात घेऊनच डॉक्टरांकडे जा.

रानवाट
फार उपयोगी. दोन शंका. घरच्या रश्श्यातले मटणाचे तुकडे धुऊन दिले तर? आणि सुका जवळा?

सह्याद्री_पंजे
धुतल्याने काही होत नाही. कांदा-लसणाचा अर्क मांसात मुरलेला असतो आणि तो लाल रक्तपेशी फोडतो. कोरड्या मसाल्यातली कांदा-लसूण पूड तर आणखी तीव्र. दुकानात मसाला लावून ठेवलेलं चिकनही याच कारणाने बाद. कुत्रीचा वाटा फोडणीच्या आधीच बाजूला काढा.

जवळ्यात वाळू असते आणि काही ठिकाणी मीठही. बिनमिठाचा खात्रीचा मिळाला तर तीन-चार पाण्यांतून धुऊन, उकळून, पुन्हा वाळवून चमचाभर जेवणावर. खारवलेले मासे मात्र नाहीत.

आणि हो, पहिले पाच दिवस एकच मांस द्या, फक्त चिकन किंवा फक्त फुप्फुस. खाज किंवा जुलाब सुरू झाले तर कशाने ते कळेल. पाच दिवसांनी दुसरं सुरू करा.